शर्त मोडली की हमी?

‘माल सॅम्पलसारखा नाही, सौदा रद्द!’ असा मेसेज टाकायला अर्धा मिनिट पुरतो. सौदा खरंच रद्द होतो का, हे मात्र समोरच्याने शर्त मोडली की हमी, यावर ठरतं.

हा भेद माल विक्री अधिनियम, 1930च्या कलम 12 मध्ये आहे. शर्त सौद्याच्या मुळाशी असते. ती मोडली तर घेणारा माल नाकारून करार संपवू शकतो. हमी त्या मुख्य बोलीला जोडून दिलेली असते. ती मोडली तर भरपाई मागा, नाहीतर बिलातून कापून घ्या. पण माल नाकारता येत नाही.

मिक्सरच्या खोक्यातल्या कार्डामुळे ‘वॉरंटी’, म्हणजे हमी, हा शब्द आपल्याला भलताच भक्कम वाटतो. कायद्यात मात्र दोघींत दुबळी तीच. शिवाय कागदावर तिला काय नाव दिलंय याला फारसा अर्थ नाही. करारात हमी म्हटलेली गोष्टही शर्त ठरू शकते, असं त्याच कलमात लिहिलं आहे.

समजा, शाळेच्या गणवेशासाठी इचलकरंजीहून 2000 मीटर कापड मागवलं. पसंत केलेला तुकडा फाइलला टाचलेला आहे. तागा उघडून उजेडात धरला, तर पलीकडची बोटं दिसतात इतकं कापड विरळ. नमुन्यावर झालेल्या विक्रीत माल नमुन्याच्याच प्रतीचा असला पाहिजे, ही कलम 17 प्रमाणे गृहीत धरलेली शर्त आहे. इथे सौदा मोडता येतो. पण कापड अस्सल आहे आणि ठरलेली लेबलं तेवढी ताग्यांवर नाहीत, तर सहसा लेबलं लावायची मजुरी कापून घ्यायची आणि कामाला लागायचं.

खरी गोची कटिंग टेबलावर होते. शाळा जूनमध्ये उघडणार, गिऱ्हाईक रोज फोन करतंय, म्हणून भांडण चालू असतानाच कटिंग मास्तर दोन तागे अंथरून कात्री चालवतो. झालं! आपलाच असल्यासारखा माल वापरला की तो स्वीकारला असं धरतात. महिनोन्‌महिने गप्प बसलं तरी तेच. आणि सौदा तुकड्यांत विभागता येण्यासारखा नसेल, तर थोडा माल स्वीकारला तरी शर्तभंगाची किंमत हमीभंगाएवढीच उरते. हक्क होता, तो कात्रीखाली गेला.

पैसे उशिरा आले म्हणून सौदा मोडायला निघालेल्या विक्रेत्यांनी आधी कलम 11 बघावं. करारातून वेगळा हेतू दिसत नसेल, तर पैसे देण्याची मुदत सौद्याच्या मुळाशी आहे असं मानत नाहीत.

घेणाऱ्यांना आणखी एक भीती असते, भाड्याची. पण वेगळं ठरलं नसेल, तर नाकारलेला माल परत पाठवायची सक्ती नाही. नाकारल्याचं कळवलं की पुरे. ते लेखी कळवा, ताग्यांचे फोटो काढा आणि फाइलला टाचलेला तो तुकडा जपून ठेवा.