हॉटेल नंतर, आधी किनारा ठरवा

बेटावरच्या सुट्टीसाठी आमच्याकडे येणारे बरेचजण मोबाइलवर एखाद्या खोलीचा फोटो उघडूनच येतात. खोली छान असते, खिडकीत निळं पाणी असतं. आमचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: हे हॉटेल बेटाच्या कोणत्या अंगाला आहे, आणि तुम्ही कोणत्या महिन्यात जाणार?

उष्ण कटिबंधात वर्षाचा बराच काळ वारे पूर्वेकडून येतात. बेटावर उंच डोंगर असला की ढग त्याला अडून पूर्वेलाच रिते होतात आणि पलीकडे लख्ख ऊन राहतं. हवाईच्या मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलो गावात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; त्याच बेटाच्या वायव्येला, कोहाला किनाऱ्यावर काही ठिकाणी तो ३०० मिलिमीटरही भरत नाही. मोटारीने हे दोन तासांचंही अंतर नाही! मॉरिशसचंही तसंच. जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर जोराचा वारा असतो, तेव्हा पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकच्या बाजूला समुद्र बराच शांत असतो.

मोसमी वाऱ्यांच्या बेटांवर महिना आणखी महत्त्वाचा. श्रीलंकेचा नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च उत्तम, तर पूर्वेचं त्रिंकोमाली मे ते सप्टेंबर. थायलंडमध्ये फुकेतला मे ते ऑक्टोबर पावसाळा, सामुईला सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. रजा ऑगस्टमध्येच मिळणार असेल, तर फुकेतचं हॉटेल कितीही स्वस्तात मिळालं तरी सामुईलाच जा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. हॉटेलबद्दलचे अभिप्राय वाचतानाही आपल्या महिन्यात राहून आलेल्यांचेच वाचा.

फोटोत न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे ओहोटी. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजेसारख्या गावी, ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे हटतं. पोहायचं तर भरतीची वेळ पाहावी लागते. उत्तर टोकाच्या नुंगवीला हा त्रास फारसा जाणवत नाही. पण सोबत लहान मुलं असतील, तर प्रवाळाच्या भिंतीआडचं उथळ, संथ पाणीच हवं. अशा वेळी ज्या किनाऱ्याला मोठे लोक कंटाळतात, तोच मुलांसाठी चांगला ठरतो.

मालदीवमध्ये मुख्य प्रश्न पोहोचण्याचा. तिथे बहुतेक रिसॉर्टचं स्वतःचं वेगळं बेट असतं. लांबच्या बेटांवर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावं लागतं, आणि ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल, तर पहिली रात्र अनेकदा राजधानी मालेजवळच काढावी लागते. सीप्लेनचं भाडं बहुतेक वेळा खोलीच्या दरात धरलेलं नसतं, ते आधी विचारा. अशा बेटावर जेवायला बाहेर जाता येत नाही, म्हणून जेवणासहचा दरच पाहा. लोकवस्तीच्या बेटांवरची गेस्ट हाऊस खूपच स्वस्त पडतात. तिथे मद्य मिळत नाही, आणि बिकिनीसारखे पोहण्याचे कपडे किनाऱ्याच्या ठरावीक भागातच चालतात. हे मान्य असेल, तर तिथलं साधं, गावातलं राहणं आम्हाला मनापासून आवडतं.

‘सी व्ह्यू’ आणि ‘बीचफ्रंट’ या दोन शब्दांत गल्लत करू नका. पहिल्यात समुद्र फक्त दिसतो. मध्ये रस्ता असू शकतो, किंवा कड्यावरून शेकडो पायऱ्या. बालीच्या उलुवातू भागात बऱ्याच किनाऱ्यांवर असंच उतरावं लागतं. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल, तर पायऱ्यांबद्दल हॉटेलला लेखी विचारा.

सात रात्रींत दोनपेक्षा जास्त ठिकाणी मुक्काम करू नका. सामान बांधणं, बोट पकडणं, खोलीची वाट पाहणं, यात प्रत्येक वेळी निम्मा दिवस जातो.

आरक्षण करण्याआधी प्रवासाचा महिना, विमान उतरण्याची वेळ आणि सोबत कोण आहे, एवढं आम्हाला कळवा. आवडलेल्या हॉटेलचं नाव पाठवलंत तरी चालेल. ते कोणत्या अंगाला आहे आणि त्या महिन्यात तिथे समुद्र कसा असतो, हे आम्ही नकाशा समोर ठेवून सांगू.