पोळ्याला झोप कशी होती? मानसोपचाराच्या पहिल्या भेटीआधी

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतली जाडजूड फाइल असते. ईसीजी, सोनोग्राफी, शुगर, एखाद्याकडं मेंदूचं सीटी स्कॅनसुद्धा. डोकं दुखते, अंगात ताकद नाही, छातीत धडधडते म्हणून गावातच दोन-चार सलाइन लावून झालेल्या असतात. सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’. डॉक्टर फाइल चाळून बाजूला ठेवतात आणि विचारतात, ‘‘झोप कशी आहे? कधीपासून?’’ उत्तर येतं, ‘‘पयलेपासून असंच हाय साहेब. मले करमतच नाही.’’

डॉक्टरांकडं जायला तयारी कसली, तिथं फक्त बोलायचं तर असतं, असा आपला समज. पण नैराश्य दाखवणारी रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतात ते तसाच थकवा आणणारे दुसरे आजार वगळण्यासाठी. निदान ठरतं लक्षणांवरून. उदास मन किंवा कशातच रस न वाटणं, यातलं एक तरी हवं. त्याशिवाय झोप, भूक किंवा वजन, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचालीतला मंदपणा किंवा तगमग आणि मरणाचे विचार. अशा एकूण नऊपैकी किमान पाच गोष्टी, दोन आठवडे, जवळजवळ रोज. हे सगळं डॉक्टरांना कळणार मुख्यतः रुग्णाच्या आठवणीतून, आणि हा आजार आठवणीलाच धरतो.

मानसशास्त्रातला माझा सर्वांत आवडता प्रयोग याच विषयावरचा आहे. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ मध्ये, नुकताच आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसांना एकेक शब्द दिला आणि त्यावरून आयुष्यातली एखादी ठरावीक घटना सांगायला लावली. ‘आनंद’ म्हटलं की इतर माणसं ‘भाचीच्या लग्नातली ती दुपार’ अशा धर्तीचं काही सांगतात. या रुग्णांची उत्तरं मोघम येत होती: ‘शेतात असलो की बरं वाटायचं’ या जातीची. दिवस नाही, जागा नाही, प्रसंग नाही. पुढं नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच पुन्हा पुन्हा दिसलं. याला अतिसामान्यीकृत आत्मचरित्रात्मक स्मृती असं जडजंबाल नाव आहे.

असं का होतं? मेंदू जुनी आठवण शोधतो ती पत्ता शोधावा तशी: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी घर. नैराश्यात हा शोध तालुक्यालाच थांबतो. विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी त्याची तीन कारणं मांडली. पहिलं, ‘शेत’ म्हणताच मन ‘माझ्यानं काहीच होत नाही’ या नेहमीच्या विचारचक्रात अडकतं. दुसरं, नेमक्या घटनेपाशी दुःखही नेमकं असतं, म्हणून मन तिथं जायचं टाळतं. तिसरं, नको त्या आठवणी बाजूला सारत शोध पुढं रेटायला कार्यकारी नियंत्रण, म्हणजे लक्ष ताब्यात ठेवायची ताकद, लागते; ते काम मोठ्या अंशी कपाळामागच्या भागाचं, आणि ते आजारात दुबळं पडतं. त्यात मन उदास असताना उदास आठवणी आधी वर येतात. ‘पयलेपासून असंच’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसंच आठवतं.

यावर उपाय म्हणजे वरून खाली शोधायचंच नाही. शोध नेमक्या खुणेपासून सुरू करायचा. संशोधकही मुलाखतीत तारखांऐवजी आयुष्यातल्या घटनांचं कॅलेंडर वापरतात. आपल्याकडं ते तयारच आहे. आठ दिवस आधी एका कागदावर खुणा मांडा: पेरणी, पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची काढणी, दिवाळी, कापसाची वेचणी. प्रत्येकीपुढं चार गोष्टी: झोप, जेवण, काम, माणसांत जाणं. ‘पोळ्याला बैल सजवले, झोप बरी होती. दिवाळीत पहाटे तीनला जाग, कोणाकडं गेलो नाही.’ एवढ्यावरून डॉक्टरांना सुरुवात कळते, चढउतार कळतो. कागद घरच्यांकडूनही तपासून घ्यावा, कारण त्यांची आठवण या आजारानं पुसट झालेली नसते. आत मात्र थोडा वेळ एकट्यानं बोलायचं आहे, असं सांगायला हरकत नाही.

याच कागदावर उलट्या दिशेची खूणही हवी. कधी चार-आठ दिवस झोप कमी, तरी अंगात भलताच जोर, अखंड बडबड, हातात पैसा नसताना ‘दोन बोअर मारतो’ अशा योजना, असं झालं होतं का? झालं असेल तर तो द्विध्रुवी (बायपोलर) आजार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अतिउत्साहाचा उन्माद, असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी माणसाला उन्मादाकडं ढकलू शकते.

चालू गोळ्यांची पाकिटं न्या, सांधेदुखीच्या पुड्याही. त्यात स्टेरॉइड असलं तर तेही मनःस्थिती बिघडवतं. दारू ‘कधीमधी’ न म्हणता रोज किती पव्वे ते सांगावं. फवारणीनंतर चक्कर, उलट्या झाल्या असतील तर तेही.

‘बाहेरचं आहे’ म्हणून उतारा काढणारा आणि स्कॅनमध्ये नैराश्य दाखवतो म्हणणारा, दोघांनाही पैसे देऊ नयेत. पहिल्याकडं किमान बिल तरी इंग्रजीत नसतं.

मरणाचे विचार येतात का, हे डॉक्टर विचारतीलच. विचारल्यानं ते वाढत नाहीत. आधी प्रयत्न झाला असेल तर पोलिस केसच्या धाकानं लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतो, शिक्षा करत नाही. विचार आत्ताच येत असतील तर तारखेची वाट न पाहता आजच दवाखाना गाठावा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फवारणीचं औषध घरात असेल तर ते आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्यावं.

गोळी सुरू झाली तर मळमळ, डोकेदुखी पहिल्या आठवड्यात येऊ शकते आणि गुण येतो दोन ते सहा आठवड्यांनी. म्हणून उठण्याआधी पुढची तारीख आणि गोळ्या किती दिवस पुरतील ते विचारून घ्यावं. पेरणीच्या घाईत खंड पडला तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होऊ शकतं. बरं वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने किंवा अधिक चालतात, आणि बंद करताना डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.