शिकागो सिटी कौन्सिलकडे रस्त्याचा अर्ज: कोणाची सही चालते आणि कोणाची नाही

अर्जावर चाळीस सह्या, सगळ्या खऱ्या, तरी समितीचा शेरा 'मंजूर करू नये'. एकोणिसाव्या शतकातल्या शिकागोत घरासमोरच्या चिखलावर लाकडी फळ्या मागायला गेलेल्या माणसाचं घोडं पेंड खायचं ते बहुधा इथेच. ते अर्जदार आज कोणी हयात नाहीत आणि मुदतीही सगळ्या उलटल्या आहेत, हे मान्य. पण मी आमच्या गावच्या नगरपालिकेच्या खिडकीबाहेर लोकांना अर्ज भरून देत आलोय, आणि शिकागोच्या कौन्सिलची जुनी कार्यपद्धत वाचताना चुका इतक्या ओळखीच्या वाटल्या, की माहितीपत्रक लिहायचा मोह आवरला नाही. तेव्हा समजा, साल 1858 आहे, तुमचं घर शिकागोत आहे आणि दारात गुडघाभर चिखल आहे.

अर्ज महापौर आणि कौन्सिलच्या नावे, साध्या कागदावर. तुमच्या वॉर्डाचा आल्डरमन, म्हणजे नगरसेवक, तो सभेत मांडतो आणि कौन्सिल तो समितीकडे पाठवतं. नदीमुळे शहराचे उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन भाग पडलेत आणि रस्ते-गल्ल्यांची समिती प्रत्येक भागाची वेगळी. कागदाची उभी घडी घालून सिटी क्लार्क, म्हणजे कौन्सिलचं दप्तर सांभाळणारा अधिकारी, बाहेरच्या बाजूला विषय, तारीख आणि कोणत्या समितीकडे पाठवला ते लिहितो. पुढे महिनोन्‌महिने फाइल हाताळणारा माणूस आधी तीच घडीची बाजू वाचतो. म्हणून विषय मोघम ठेवू नका. 'रस्त्याची दुर्दशा' असं नको. कोणता रस्ता, कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत, कोणती बाजू आणि काय हवं, फळ्या की गटार की फुटपाथ, एवढं एका ओळीत बसलं पाहिजे.

एवढं झालं की आपण खऱ्या अडचणीकडे येतो.

लोकांना वाटतं, अर्ज म्हणजे जनतेचं गाऱ्हाणं, जितकी माणसं जास्त तितका जोर जास्त. म्हणून ते भाडेकऱ्यांच्या सह्या घेतात, खानावळीत उतरलेल्या मजुरांच्या घेतात, शेजारच्या रस्त्यावरच्या मित्राचीही घेतात. या सह्यांची किंमत शून्य. ज्याची जमीन त्या रस्त्याला लागून आहे, तोच अर्जदार, कारण खर्च त्याच्याच माथी बसणार. शहराची तिजोरी तुमच्या गल्लीत फळ्या टाकणार नाही. त्यासाठी 'खास आकारणी' असते: ज्यांच्या दारात काम, त्यांच्याच प्लॉटवर बिल. त्यामुळे पैसे भरणारा बोलेल आणि बाकीच्यांनी चिखल तुडवावा, हा इथला हिशेब. भाडेकरू रोज त्याच चिखलातून कामाला जातो, घरमालकाचं भाडं तोच भरतो, पण कागदावर तो नाहीच. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. तरी अर्ज भरायला आलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नसतो, त्याला सही कोणाची घ्यायची ते सांगावं लागतं.

तर मालकांच्याच सह्या घ्या, आणि त्यापुढचं लक्षात ठेवा: मालकांची डोकी मोजून भागत नाही. एक काल्पनिक ब्लॉक घ्या. रस्त्याची एक बाजू 400 फूट, मालक नऊ. सात जणांकडे 25 फुटांचा एकेक प्लॉट, उरलेले 225 फूट दोन बड्या मालकांचे. सातही जणांनी सही केली की नऊपैकी सात म्हणून तुम्ही खूश. फुटांत तुमच्याकडे फक्त 175 आहेत. समोरचे दोघे घरी बसून जिंकतात. म्हणून प्रत्येक सहीपुढे प्लॉटचा नंबर, ब्लॉकचा नंबर आणि रस्त्याला लागलेले फूट लिहा, खाली बेरीज करा, आणि बेरीज निम्म्याच्या वर गेल्याशिवाय अर्ज देऊ नका. आधी त्या दोघांकडे जा. गरिबांच्या सात सह्या मिळणं सोपं असतं, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

मोजमाप मात्र कामागणिक बदलतं, इथेही लोक फसतात. घोड्यांच्या ट्रामसाठी इलिनॉयच्या 1874 च्या कायद्याने फ्रंटेजच्या, म्हणजे रस्त्यालगतच्या लांबीच्या, निम्म्याहून जास्त मालकांची संमती लागते. राहत्या वस्तीच्या ब्लॉकमध्ये घोड्यांचा तबेला काढायचा असेल तर हिशेब फुटांचा नाही, प्लॉटांचा: त्या रस्त्याला लागून असलेल्या निम्म्याहून जास्त प्लॉटांच्या मालकांची लेखी संमती. हा नियम 1896 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरला. उन्नत रेल्वेसाठी 1883 चा अ‍ॅडम्स कायदा आणखी कडक, त्यात दर मैलाला वेगळं बहुमत दाखवावं लागतं. नियम कडक झाला म्हणून बडे अर्जदार अडत नाहीत, ते मैलच हलवतात. ट्रामसम्राट चार्ल्स यर्किसला लूपची, म्हणजे शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या उन्नत रेल्वेच्या फेऱ्याची, दक्षिण बाजू व्हॅन ब्यूरन स्ट्रीटवरून न्यायची होती आणि तिथले मालक सह्या देईनात. त्याने अर्जातला मार्ग पश्चिमेला पार हॉलस्टेड स्ट्रीटपर्यंत लांबवला, तिकडच्या राजी मालकांच्या सह्यांनी बहुमत गाठलं, आणि पश्चिमेचा तो तुकडा जवळजवळ सगळा बांधलाच नाही. लूप 1897 मध्ये सुरू झाला. तुमच्याकडे यर्किसचे वकील नसतील तर हा मार्ग धरू नका.

आता कागदपत्रं. खरं तर एकच कागद लागतो, मालकीचा, आणि नेमका तोच हाताशी नसतो. आपल्याकडे निदान सातबारा काढून बघता येतो. शिकागोत 1830 मध्ये कालव्याच्या आयुक्तांसाठी पहिला नकाशा आखला तेव्हा प्लॉट 80 बाय 180 फुटांचे होते. मग त्यांचे तुकडे झाले, तुकड्यांचे पोटतुकडे झाले. सट्ट्याच्या लाटेत ते न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांनी न बघता घेतले, आणि पुष्कळ मालकांनी शहरात पाऊलही टाकलं नव्हतं. शहराचा पहिला महापौर विल्यम ऑग्डेन शिकागोत आला तो 1835 मध्ये, आपल्या मेव्हण्याची जमीन सांभाळायला. म्हणजे शेजारच्या रिकाम्या प्लॉटचा मालक शोधत हिंडण्यापेक्षा त्याचा एजंट कोण, ते विचारा. सही एजंटाची असेल तर 'अमक्यातर्फे' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं एजंटाचं नाव राहिलं तर विरोधक तेवढंच धरून बसेल.

ऑक्टोबर 1871 नंतर अर्ज करत असाल तर गोष्ट वेगळी. त्या महिन्यातल्या मोठ्या आगीत कोर्टहाउस जळलं आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खरेदीखतांच्या नोंदवह्या राख झाल्या. सरकारकडेच कागद नाही म्हटल्यावर काय करायचं? खासगी पेढ्या मालकीच्या नोंदींचे गोषवारे ठेवायच्या. अशा तीन पेढ्यांच्या वह्या आगीतून वाचल्या, आणि 1872 च्या जळित-नोंदी कायद्याने तो गोषवारा पुरावा म्हणून चालू लागला. सरकारी नोंद जळाली आणि खासगी टिपण प्रमाण ठरलं, हे नोकरशाहीच्या इतिहासात क्वचित होतं. गंमत म्हणजे कौन्सिलकडचे जुने अर्ज वाचले. 1833 ते 1871 मधले असे सुमारे 35,000 कागद आज नॉर्थईस्टर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीत जपलेले आहेत. जमीन कोणाची याची सरकारी वही गेली, पण फळ्या कोणी मागितल्या ते शाबूत राहिलं.

अर्ज दिला की निवांत बसू नका. पाठोपाठ हरकतीचा अर्ज येतो, आणि त्यावर कधीकधी तुमच्याच माणसांच्या सह्या असतात. यात दरवेळी लबाडी असते असं नाही. कोणीतरी दारात आलं, 'रस्ता हवा ना?' म्हणालं, सही केली. आठवड्याने दुसरं कोणी आलं, 'केवढं बिल येईल माहीत आहे का?' म्हणालं, तिथेही केली. समितीला दोन्ही कागदांवर एकच नाव दिसलं की ती सही तुमच्या बाजूने मोजली जाईल अशी आशा धरू नका. म्हणून सही घेतानाच खर्चाचा अंदाज सांगा. सही थोडी उशिरा मिळेल, पण टिकेल.

मंजुरी मिळाली की लोक पेढे वाटतात, आणि सगळ्यात महाग चूक इथे होते. कामाचा ठराव आला म्हणजे प्रकरण संपलं नाही, बिल अजून यायचं आहे. आकारणीसाठी नेमलेले लोक प्रत्येक प्लॉटचा वाटा ठरवून यादी करतात. यादीवर हरकत घ्यायची सूचना वर्तमानपत्रात छापून येते, आणि मुदत छापल्या दिवसापासून धावते. तुमच्या वाचनात कधी आली, तुम्ही गावाला होता का, तुम्हाला इंग्रजी येतं का, याच्याशी मुदतीचा संबंध नाही. यादी एकदा कायम झाली की मग 'मला कळलंच नाही' म्हणत खेटे घालून काही होत नाही, आणि बिल थकलं तर प्लॉट विक्रीला निघतो. जर्मनीहून वा आयर्लंडहून आलेल्या माणसाने पोटाला चिमटा काढून घेतलेले 25 फूट असे न वाचलेल्या जाहिरातीपायी जाऊ शकतात. ओळखीतल्या कोणालातरी रोज वर्तमानपत्रातला तो रुक्ष रकाना वाचायला सांगा.

तुमचा वाटा फक्त फुटांच्या हिशेबाने लावला असेल तर साल बघा. 1864 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागो विरुद्ध लार्नेड खटल्यात नुसत्या फ्रंटेजवरची आकारणी घटनाबाह्य ठरवली. प्रत्येक प्लॉटला कामाचा लाभ किती, ते ठरवूनच वाटा लावायचा. त्याआधीच्या बिलांवर हा निकाल नाचवू नका. कार्यालयंही बदलत गेली. 1861 पासून रस्त्यांची कामं बोर्ड ऑफ पब्लिक वर्क्सकडे गेली, आणि 1875 मध्ये शहराने राज्याचा 1872 चा शहरे व गावे कायदा स्वीकारला. तेव्हापासून आकारणी काउंटी कोर्टात जाते आणि हरकतही तिथेच नोंदवायची. जुन्या सवयीने कौन्सिलच्या दारात उभे राहिलात तर कोणी हाकलणार नाही, कोणी ऐकूनही घेणार नाही.

दारूच्या परवान्याचं थोडक्यात सांगतो, कारण मुदतीचा घोळ तिथे जिवावर बेतला. मार्च 1855 मध्ये महापौर लेव्ही बून यांच्या कौन्सिलने परवान्याची फी 50 डॉलरवरून 300 डॉलर केली आणि मुदत तीन महिन्यांवर आणली. सोबत रविवारी दुकानं बंद. जर्मन बिअरवाल्यांना एवढी रक्कम भरणं शक्य नव्हतं, बरेच जण विनापरवाना धंदा करताना पकडले गेले. 21 एप्रिलला खटल्याच्या दिवशी नदीच्या उत्तरेकडून जमाव कोर्टाकडे निघाला, तेव्हा महापौरांनी क्लार्क स्ट्रीटचा फिरता पूल वळवून वाट अडवली. त्या दंगलीत एकाचा जीव गेला. शहाण्या अर्जदाराने फी कोणत्या तारखेपर्यंत पुरते, हे पावतीवर आधी बघावं.

आल्डरमनला चहापाणी द्यावं लागतं का, हा प्रश्न हमखास येतो. त्याला कायदेशीर भत्ता सभेमागे 3 डॉलर. शतकाच्या अखेरीस ट्रामकंपन्यांचे ठराव या तीन डॉलरांवर मंजूर होत नव्हते, हे गावाला ठाऊक होतं, आणि 1896 मध्ये म्युनिसिपल व्होटर्स लीग ही मतदारांची संघटना स्थापन झाली ती त्यापायीच. पण गल्लीच्या फळ्यांसाठी कोणी पाकीट मागितलं तर आधी आपल्या फुटांची बेरीज तपासा. ती बरोबर असेल तर पाकिटाची गरज नाही, चूक असेल तर पाकीट फुकट जाईल.

शेवटची सूचना फुटपाथवाल्यांना. 1855 मध्ये गटारांचा आराखडा सुरू झाल्यावर शहराने रस्त्यांची पातळीच उचलायला घेतली, काही ठिकाणी 10 फुटांपर्यंत. आपली इमारत वर घ्यायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. 1861 मध्ये ट्रिमाँट हाउस हे विटांचं अख्खं हॉटेल जॅकस्क्रू, म्हणजे वजन उचलायचे मोठे स्क्रू, लावून सहा फूट उचललं. तुमच्या शेजाऱ्याने घर उचललं आणि तुम्ही नाही, तर फुटपाथ दोन पायऱ्या चढतो, तुमच्यापाशी चार उतरतो, पुढे परत चढतो. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी तुमच्या रस्त्याची नवी पातळी ठरली आहे का, ते विचारून घ्या. जुन्या पातळीवर फळ्या टाकल्यात तर त्या वर्षभरात मातीखाली जातील, त्यांचं बिल भरून झालेलं असेल, आणि नव्या फळ्यांसाठी त्याच दोन बड्या मालकांच्या दारात पुन्हा उभं राहावं लागेल.