खाल्लेलं जातं कुठं?

काही माणसांना जेवताना पाहिलं की हाच प्रश्न पडतो. समारंभात तीनदा वाढून घेतील, गोडावर आडवा हात मारतील, आणि उठतील तेव्हा अंगावरचा सदरा होता तसाच सैल. काडीपैलवान, पाप्याचं पितर अशी नावं त्यांना लहानपणापासून ठेवलेली असतात. 'याच्या अंगाला खाल्लेलं लागतच नाही,' असं म्हणून घरचे हळहळतात आणि बाकीचे जळतात.

माझा एक मित्र या जातीचा आहे. जरा आगाऊपणा करून मी काही दिवस त्याच्या खाण्यावर पाळत ठेवली. मेजवानीत तो माझ्यापेक्षा जास्त जेवला, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी त्याला जेवणाची आठवण नव्हती. भूक मारून बसला होता असं नाही, त्याला ती लागलीच नव्हती. त्याच्या टेबलाच्या खणात एक अर्धं खाल्लेलं चॉकलेट चार दिवस पडून होतं. चॉकलेट अर्धं खाऊन ठेवता येतं हीच माझ्यासाठी बातमी होती. मेजवानी सगळ्यांनी पाहिली, खणातलं चॉकलेट कुणीच पाहिलं नाही.

एका मित्रावरून विज्ञान होत नाही, आणि लोकांना 'तुम्ही किती खाता' असं विचारूनही होत नाही. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 1992 साली काही स्थूल माणसं तपासली. आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मोजल्यावर दिसलं की त्यांचा चयापचय व्यवस्थित होता, पण ती आपलं खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगत होती. मुद्दाम खोटं बोलत होती असं नव्हे. येताजाता तोंडात टाकलेल्या गोष्टींचा हिशोब कुणाच्याच डोक्यात राहत नाही. बारीक माणसाचं 'मी तर भरपूर खातो' हे विधानही मग तितकंच सैल मानायला हवं.

म्हणून मोजमाप वेगळ्या वाटेने करतात. माणसाला एक खास पाणी प्यायला देतात. त्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू नेहमीपेक्षा जड असतात. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच बाहेर पडतो, जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासून दोघांच्या घटण्यातला फरक काढला, की किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळतं, आणि त्यावरून किती ऊर्जा जळली तेही. वजन स्थिर असेल तर जेवढं जळलं तेवढंच खाल्लं. माणसांवर ही पद्धत 1982 पासून वापरली जाते. तिच्यापुढे थापा चालत नाहीत.

याच पद्धतीने चीनमध्ये झालेला एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यात 150 निरोगी माणसं अशी होती की ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 18.5 पेक्षा कमी होता. आजारामुळे खंगलेले किंवा मुद्दाम उपाशी राहणारे आधीच वगळलेले. तुलनेला सर्वसाधारण वजनाची 173 माणसं. अंदाज असा होता की बारीक माणसं सतत हालचाल करत असणार, पाय हलव, उठबस कर, त्यातच सगळं जळत असणार. निघालं उलटं. ती इतरांपेक्षा 23 टक्के कमी हालचाल करत होती, बराच वेळ बसूनच होती. आणि खातही 12 टक्के कमी होती. शरीराच्या आकारमानावरून जितकी अपेक्षित होती त्याहून थोडी जास्त ऊर्जा मात्र ती बसल्याजागी जाळत होती, आणि थायरॉइडची हार्मोनंही त्यांच्यात जास्त आढळली.

म्हणजे 'खातो ढीगभर, जळतं आपोआप' या समजुतीचा निम्मा भाग टिकला, निम्मा गळाला. मला गळालेला भाग जास्त रंजक वाटतो. 12 टक्के म्हणजे ताटातले दोन-चार घास. ते सोडले तर पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. पण रोजचे रोज हा फरक साचतो. वजनाच्या गणिताचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचा ढोबळ हिशोब असा की रोज 100 कॅलरी कमी-जास्त झाल्या, आणि त्या तशाच राहिल्या, तर साधारण तीन वर्षांत वजनात चार-साडेचार किलोंचा फरक पडतो आणि मग ते नव्या जागी थांबतं.

हे घास सोडताना बारीक माणूस मनाशी झगडत नाही, खरी गंमत तिथे आहे. 1975 साली अमेरिकेत तरुणींवर झालेला एक प्रयोग इथे आठवतो. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना नाही. मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं: चव सांगा, हवं तेवढं खा. ज्या एरवी खाण्यावर निर्बंध घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोटाने हिशोब ठेवला. ज्या कायम डाएटवर असायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. आज नियम मोडलाच आहे, तर मग होऊन जाऊ दे! त्यांचा हिशोब डोक्याने चालला होता, आणि तो एकदा चुकला की संपूर्ण वहीच फाडायची असा डोक्याचा स्वभाव.

बारीक माणसांच्या सवयींची यादी वर्तमानपत्रांतून नेहमी येते. लहान ताटली घ्या, घास जास्त वेळा चावा, खाद्यपदार्थांकडे पाठ करून बसा. यातल्या बऱ्याच गोष्टींचा उगम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉन्सिंक यांच्या प्रयोगशाळेत आहे. बुफेत बसलेल्या लोकांचं लपून निरीक्षण करून त्यांनी 2008 साली अशी टिपणं प्रसिद्ध केली होती. पुढे त्यांच्या कामातल्या आकडेवारीवर प्रश्न उभे राहिले, बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले आणि 2018 साली विद्यापीठाने त्यांना संशोधनातल्या गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं. बुफेचं निरीक्षण खरं मानलं तरी एक अडचण उरतेच. ज्याला भूक कमी तो पदार्थांकडे पाठ करून बसणारच. पाठ केल्याने भूक कमी होते हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

सावकाश खाण्याचंही तसंच. हा सल्ला वाईट नाही, पण इंग्लंडमध्ये जुळ्या बाळांवर झालेला अभ्यास वाचून मी चमकलो. बाळं फक्त दुधावर असलेल्या वयातली, त्यांच्या पिण्याबद्दल आईवडिलांना प्रश्न विचारलेले. एकसारखी आणि वेगळी जुळी ताडून पाहिल्यावर दिसलं की बाळाबाळांत पिण्याच्या वेगात जो फरक असतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा तब्बल 84 टक्के आहे. पोट भरल्याची जाणीव किती लवकर होते, त्यात 72 टक्के. कुणीही सल्ला देण्याआधी, दात येण्याआधी, एखादं बाळ रमतगमत पितं आणि मध्येच तोंड फिरवतं, दुसरं बाटली रिकामी झाल्यावर रडतं.

यामागची काही जनुकंही आता ओळखीची आहेत. एफटीओ या जनुकाचा एक प्रकार आईवडील दोघांकडून मिळालेली माणसं इतरांपेक्षा सरासरी तीन किलो वजनदार असतात, हे 2007 साली कळलं. चार-पाच वर्षांच्या मुलांचं जेवण झाल्यावर त्यांच्यापुढे बिस्किटं ठेवली, तेव्हा हा प्रकार असलेली मुलं जास्त बिस्किटं खात होती. पोट भरलेलं असूनही. दुसरं जनुक एमसी4आर. जेवणानंतर मेंदूतला 'आता पुरे'चा निरोप याच्यामार्फत जातो. ब्रिटनमधल्या पाच लाख लोकांच्या माहितीतून 2019 साली दिसलं की काहींमध्ये हा निरोप जरा जास्त वेळ चालू राहतो, आणि जाडीपासून ते बचावतात. माझ्या मित्राचं चॉकलेट बहुधा अशाच कुठल्यातरी निरोपामुळे खणात राहिलं असणार. त्याची जिद्द म्हणावी, तर तो गृहस्थ सकाळचा गजरही पाच वेळा बंद करतो.

खरोखरच अंगाला न लागणारी माणसं नाहीतच, असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 16 जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज 1000 कॅलरी जास्त खायला घातल्या. एकाच्या अंगावर जेमतेम 360 ग्रॅम चरबी चढली, दुसऱ्याच्या सव्वाचार किलो. कमी चढलेल्यांची चुळबुळ, उठबस, उभं राहणं आपोआप वाढलं होतं. 1990 सालच्या एका प्रयोगात 12 एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांना असंच भरवलं, तेव्हा वजन 4 ते 13 किलोंपर्यंत कमी-जास्त वाढलं, पण एका जोडीतले दोघं भाऊ बरेचसे सारखेच वाढले. तर भट्टी वेगळी असते हे खरं. फक्त ती पेटायला रोज कुणीतरी बळेच भरवावं लागलं. आपल्या मनाने खाणारा बारीक माणूस तिथवर क्वचितच पोचतो. (वजन अचानक आणि विनाकारण उतरत असेल तर ही चर्चा सोडून डॉक्टर गाठावा.)

मग ज्यांचा 'पुरे'चा निरोप उशिरा पोचतो त्यांनी काय करायचं? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधले संशोधक केविन हॉल यांनी 20 जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रियायुक्त पदार्थ, दोन आठवडे साधं, घरी रांधल्यासारखं जेवण. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखे. सूचना एकच, हवं तेवढं खा. पहिल्या प्रकारात ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते, आणि घासही भरभर उतरत होते. त्या पंधरवड्यात वजन सरासरी 900 ग्रॅम वाढलं, दुसऱ्यात तेवढंच घटलं. जनुकं तीच, माणसं तीच, आणि चव कशी वाटली असं विचारल्यावर दोन्ही जेवणांना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले होते. साध्या जेवणाच्या ताटापुढे तीच माणसं, कुणी न सांगता, सरासरी 500 कॅलरी आधीच थांबत होती.