सावली न पडणारा न्यूमोनिया

ल्युकेमियावर (रक्ताच्या कर्करोगावर) केमो चालू असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला ताप आला. खोकला किरकोळ, छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाज स्वच्छ, एक्स-रेही कोरा. एवढ्यावर निर्धास्त होणं धोक्याचं आहे. न्यूमोनियात एक्स-रेवर दिसणारा पांढरा डाग जंतूंचा नसतो. त्यांच्याशी लढायला फुप्फुसात जमलेल्या पेशींचा आणि पाझरलेल्या द्रवाचा असतो. त्या पेशी म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिल, एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी. केमोमुळे रक्तातला त्यांचा काउंट दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेला, की ना कफ धड होतो, ना सावली पडते. कित्येकदा उरतो तो फक्त ताप.

म्हणून एकदाच १०१ फॅरनहाइट किंवा तासभर टिकलेला १००.४, एवढ्यावर रुग्णालय गाठायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नये. हाती असलेली एकुलती खूण त्यानं पुसली जाते. थर्मामीटर काखेत लावावा, गुदद्वारात कधीच नाही. तिथल्या नाजूक त्वचेला ओरखडा गेला, तर जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. पोचल्यावर तासाभरात कल्चरसाठी (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी) रक्त घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. काउंटच्या रिपोर्टसाठीही ते अडवून ठेवू नये.

मूल झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे वेग वाढलेला. कोरडा खोकला, चढत जाणारा दम, ऑक्सिजन खाली आणि छाती मात्र स्वच्छ, असं असेल तर न्यूमोसिस्टिस या बुरशीचा संशय घ्यावा लागतो. ती टाळता येते, हे मुद्दाम सांगायला हवं: को-ट्रायमॉक्साझोल, आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस. मूल ठणठणीत दिसतं म्हणून हे औषध परस्पर बंद करू नका. आजार झाल्यावर हेच औषध तीन-चार पट डोसनं, तेही रोज द्यावं लागतं.

चार दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप हटला नाही, तर ॲस्परजिलस बुरशीसाठी छातीचा सीटी स्कॅन करतात. इथे एक पेच आहे. वोरिकोनाझोल हे तिच्यावरचं नेहमीचं औषध विन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचा यकृतातला निचरा अडवतं. मग मज्जातंतूंना इजा होते, आतडी थंडावतात, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी अँफोटेरिसिन किंवा मायकाफंगिन या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधांकडे वळता येतं. विन्क्रिस्टिन शेवटचं कधी दिलं आणि पुढचं कधी आहे, या दोन तारखा नव्या डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा.