तान्ह्या बाळाची गुळणी आणि दुधाची ॲलर्जी

जठरात गेलेले दूध अन्ननलिकेतून उलट वर चढणे, याला वैद्यकात रिफ्लक्स म्हणतात. घरात ‘बाळ दूध टाकते’ किंवा ‘गुळणी काढते’ एवढेच म्हटले जाते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे सुरू होते, साधारण चौथ्या महिन्यात सर्वाधिक दिसते आणि बहुतेक बाळांत वर्षाच्या आत आपोआप थांबते. पहिल्या 3 महिन्यांतील सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी गुळणी काढतात.

अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंचे कडे अधूनमधून सैल पडते. मोठ्या माणसांतही ते पडतेच. पण बाळाचा आहार सगळा पातळ, दिवसाचा बराच वेळ आडवे पडून राहणे आणि दुधाचे प्रमाण वजनाच्या मानाने प्रचंड. किलोमागे दिवसाला सुमारे 150 मिलिलिटर हा हिशेब 60 किलोच्या माणसाला लावला, तर त्याला रोज 9 लिटर दूध प्यावे लागेल. थोडे परत आले तर नवल नाही.

बाळाचे वजन वाढत असेल आणि गुळणीनंतरही ते खुशीत असेल, तर हा आजार नव्हे. वाढते ते कपडे धुण्याचे काम. थोडे थोडे दूध अधिक वेळा पाजणे, मध्ये ढेकर काढणे, पाजल्यावर 20–30 मिनिटे उभे धरणे, एवढे बहुधा पुरते. झोपवताना मात्र पाठीवर आणि सपाट गादीवरच. डोक्याखाली उशी किंवा पालथे निजवणे धोक्याचे आहे. आम्ल कमी करणारी औषधे नुसत्या रडण्यावर किंवा गुळणीवर उपयोगी पडत नाहीत, उलट जंतुसंसर्गाची शक्यता वाढवतात. तरीही ती सर्रास दिली जातात.

हिरवी किंवा रक्तमिश्रित उलटी, पिचकारीसारखी जोराची उलटी, फुगलेले पोट, ताप, टाळू वर येणे, वजन न वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. पिचकारीसारखी उलटी विशेषतः 2 ते 8 आठवड्यांच्या बाळात जठराचे खालचे तोंड आवळल्याने होऊ शकते. त्यावर शस्त्रक्रिया करतात.

गुळणीबरोबर शीमध्ये रक्ताचे धागे, आव, अंगावर इसब किंवा दूध पिताना सतत कळवळणे असेल, तर गाईच्या दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीची शंका घेतात. येथे एक गल्लत नेहमी होते. ‘बाळाला दूध पचत नाही’ म्हणताना लोकांच्या मनात बहुधा लॅक्टोज असते. पण लॅक्टोज ही दुधातली साखर. आई दूध प्यायली काय नि न प्यायली काय, ती तिच्या दुधात असतेच, आणि ती जन्मतःच न पचणे अत्यंत दुर्मीळ आहे. ॲलर्जी असते प्रथिनांची, आणि आईने खाल्लेल्या दुधाच्या पदार्थांतून त्यांचा अंश अंगावरच्या दुधात उतरू शकतो. पण तेवढ्यासाठी अंगावर पाजणे बंद करण्याचे कारण नाही.

उशिरा, काही तासांनी वा दिवसांनी लक्षणे दाखवणारी ही ॲलर्जी रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत सहसा सापडत नाही. निदान होते ते वगळून पाहण्याने: आई 2 ते 4 आठवडे दुधाचे सर्व पदार्थ सोडते (कॅल्शियम वेगळे घ्यावे लागते), वरचे दूध पिणाऱ्या बाळाला प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास दूध देतात. बकरीचे दूध हा पर्याय नाही, कारण त्यातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असतात. फरक पडला, तर दूध पुन्हा सुरू करून लक्षणे परत येतात का ते पाहायचे. हा दुसरा टप्पा बरेच जण टाळतात, आणि काळाबरोबर आपोआप कमी झालेल्या गुळणीचे श्रेय पथ्याला देऊन आई महिनोन्‌महिने उगाच उपाशी राहते. दूध पोटात जाताच गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे असे झालेल्या बाळावर मात्र हा प्रयोग घरी करू नये.

ॲलर्जी ठरलेली बहुतेक मुले पुढील काही वर्षांत दूध पचवू लागतात. बाळ साधारण 9 ते 12 महिन्यांचे झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दूध घालून चांगले भाजलेल्या पदार्थापासून सुरुवात करतात; नुसते दूध सर्वांत शेवटी.