बेन्झोइक ॲसिड का बीटा-नॅफ्थॉल? एनएओएचमध्ये तर दोन्ही विरघळतात

लातूर, नांदेडकडं बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला ऑरगॅनिक कंपाऊंड ओळखायला हातात पडलं की पोरं आधी एनएओएचमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) टाकून बघतात आणि विरघळलं की लगेच ‘ॲसिड’ लिहून मोकळी होतात. बेन्झोइक ॲसिड (हे कार्बोक्सिलिक ॲसिड) आणि बीटा-नॅफ्थॉलची (हे फिनॉल) अदलाबदल इथंच होते. ही जोडी लई फसवी आहे बघा, दोन्ही पांढरे (नॅफ्थॉल जुनं असलं तर गुलाबी-तपकिरी झाक येते), गार पाण्यात दोन्ही जवळपास विरघळतच नाहीत, एनएओएचमध्ये दोन्ही विरघळतात, वरून एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) टाकलं की दोन्ही परत पांढरे होऊन खाली बसतात, आणि कहर म्हणजे दोघांचा मेल्टिंग पॉइंटपण 122 अंशाच्याच आसपास!

फरक दाखवतं ते सोडियम बायकार्बोनेट (बायकार्ब). पीकेए म्हणजे ॲसिड किती तगडं ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड तगडं. बेन्झोइकचा पीकेए 4.2, कार्बोनिक ॲसिडचा साधारण 6.4, नॅफ्थॉलचा 9.5. बेन्झोइक कार्बोनिकपेक्षा तगडं म्हणून ते बायकार्बला प्रोटॉन देतं, त्याचं सोडियम मीठ बनून पाण्यात जातं आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. नॅफ्थॉलला ते जमत नाही, त्याला एनएओएचसारखा जोरदार बेसच लागतो.

टेस्ट ट्यूबमध्ये 5 टक्के बायकार्ब 2 मिली घ्या, स्पॅच्युलाच्या टोकावर मावेल एवढीच पूड टाका आणि हलवायच्या आधी नुसतं बघत राहा. बेन्झोइक असलं तर प्रत्येक कणाला बारीक बुडबुडे चिकटतात, कण वर येतो, बुडबुडा फुटला की परत खाली जातो, आणि बघता बघता संपतो. नॅफ्थॉल तसंच पडून राहतं.

आता बाटलीकडं बघा. बायकार्बचं सोल्युशन बरेच दिवस पडून राहिलं किंवा कुणी गरम केलं तर कार्बन डायऑक्साइड उडून त्यात कार्बोनेट तयार होतं, आणि कार्बोनेटमध्ये नॅफ्थॉलपण विरघळायला लागतं, फक्त बुडबुडे येत नाहीत. म्हणून सोल्युशन ताजं करा, आणि नुसतं ‘विरघळलं’ एवढ्यावर जाऊ नका, बुडबुडे आले का ते लिहा. ट्यूबमध्ये एचसीएल राहिलेलं असलं तरी बुडबुडे येतात, तेव्हा एक ट्यूब कंपाऊंड न टाकता करून बघाच.

दुसरं, आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात एनएओएच टाकलं की त्यातल्या मॅग्नेशियममुळं पांढरट गढूळपणा येतो आणि पोरं म्हणायलेत, कंपाऊंड विरघळलंच नाही. डिस्टिल्ड वॉटरच घ्या बरं का.

खात्रीसाठी न्यूट्रल फेरिक क्लोराइडची टेस्ट आहेच, त्यात बेन्झोइक बदामी साका (खाली बसणारा गाळ) देतं, नॅफ्थॉल हिरवट रंग.

आणि बायकार्बमध्ये विरघळलं म्हणजे कार्बोक्सिलिक ॲसिडच, असंही धरू नका, पिक्रिक ॲसिड हे फिनॉल असून तीन नायट्रो ग्रुपमुळं एवढं ॲसिडिक आहे की तेही विरघळतं. कंपाऊंड पिवळं असलं आणि नायट्रोजनची टेस्ट पॉझिटिव्ह आली असली, तर आधी नायट्रोफिनॉलचा विचार करा.